वीराची हळद

आमच्या डोंगरात समुद्र आलाय, ऐकलं का? हसू नका राव. डिंभ्याच्या धरणाकाठी, आमच्या वाडीच्या खाली, कुठनंतरी ट्रकनं वाळू आणून वतलीय. वर रंगीत छत्र्या लावल्यात, नारळाची झाडं उभी केलीत आन पाटीवर 'बीच' लिवलंय. लेण्याद्रीचा गणपती झाला की पुण्या-मुंबईच्या गाड्या इकडंच वळतात. ज्या पाण्यानं आमचं गाव गिळलं, त्यात लोकं चड्ड्या घालून डुंबतात. डुंबा म्हणावं, खाली आमच्या चुली हायेत.

धरणाचं पाणी चढत आलं तवा लोकांनी घरांची कौलं काढली, वासे काढले. आमच्या म्हाताऱ्यानं, नाव घ्यायचंच तर गेणभावानं, आधी वीर उपटला. वीर म्हंजी आमच्या कुळातला लढून मेलेला पुरुष, दगडात कोरलेला, घोड्यावर बसलेला. त्यो पाठीवर बांधून म्हातारं चढ चढलं आन काठावरच्या उंबराखाली त्याला बसवलं. तवा वाकलेली पाठ पुन्हा काय सरळ झाली न्हाई. घरात लगीन निघालं की जात्यावरची पयली हळद वीराला. त्याला लागल्याबिगर पोरीच्या अंगाला बोटभर हळद लावायची न्हाई, ही आमची रीत.

आन ह्या समुद्राला जागा दाखवली कुणी? आमच्याच म्हाताऱ्यानं! दोन माणसं गाडीतनं आली, उन्हात काठ बघत हिंडत व्हती. ह्या बाबानं जन्मात कुणा पावण्याला न्हाई म्हणलं न्हाई. त्यांना ताक पाजलं आन उंबराखाली नेऊन बसवलं. 'आख्ख्या काठाला यापरीस गार जागा न्हाई,' म्हणला. 'आमच्या वीराची हाये, पण तुमी खुशाल बसा.' मी म्हणलं, 'अवो, अनोळखी माणसं कशाला देवाजवळ नेता?' तर माझ्यावरच उखडला. 'मग काय पावण्याला उकिरड्यावर बसवू?'

पावणं बसलं ते बसलंच. काठ ज्याच्या नावावर व्हता त्यो शहरात राहत व्हता, त्यानं जमीन इकली. तारेचं कुंपण पडलं. 'बाबा, तुमचा देव तो आमचा देव, त्याला कोण हलवतंय?' असं त्या माणसांनी तोंडी सांगितलं. म्हातारं खूश! पावण्याच्या तोंडचं खोटं असतं, हे त्याच्या डोक्यातच शिरत न्हाई.

यंदा नात मंगलचं लगीन ठरलं. ओतूरच्या बाजारातनं बांगड्या आल्या, दारात मांडव पडला. हळदीच्या दिवशी सवाष्णी अंगणात जमल्या, मंगल पाटावर बसली. मी हळदीचं ताट घेतलं, म्हाताऱ्यानं नारळ घेतला आन आमी खाली गेलो.

फाटकावर माझ्या भावाचा बहिरू, निळ्या कपड्यात, हातात काठी. म्हणला, 'आत्या, आत फक्त गेस्ट सोडतो.'

'गेस्ट म्हंजी रं?'

'पावणं.'

'अरं मुडद्या, मग आमी काय चोर हाये व्हय?'

'चोर न्हाई गं. पण पावणं बी न्हाई ना.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिरूच्या आईचं बाळंतपण मी केलं, त्याची शी-शू मी काढली, आन ह्यो मला फाटक दाखवतो! मी त्याची बिनपाण्याची करत व्हते, पण म्हाताऱ्याचं ध्यान तिकडं नव्हतं. त्यो तारेतनं आत बघत व्हता. उंबराखाली टेबल-खुर्च्या व्हत्या. वीर न्हाई.

'ते बघ,' म्हणला.

नळाजवळ. वाळूतनं आलेली माणसं तिथं पाय धूत व्हती. पायाखाली दगड उताणा टाकलेला. एक बाई घोड्याच्या पाठीवर टाच घासत व्हती. तिला बिचारीला काय ठावं?

बहिरूची मान खाली गेली. 'आत्या, म्या सांगितलं व्हतं, ह्यो देव हाये. तर आतले म्हणले, दगड चांगला हाये, चिखल व्हत न्हाई.'

तेवढ्यात आतनं साहेब आला. पोरगाच व्हता, गोड बोलणारा. बहिरूनं सगळं सांगितलं तसा हळहळला. 'आजी, आधी नाही का सांगायचं! उचलून, स्वच्छ करून ठेवतो. संध्याकाळी या. नवरीलाही आणा, नऊवारीत. ढोल लावू. आमच्या गेस्टना असा खरा गावचा कार्यक्रम फार आवडेल.'

खरं सांगते, माझं मन डळमळलं. तिकडं पोर पाटावर बसून व्हती. मला वाटलं, म्हातारं हो म्हणंल. त्याला दुसरं येतंय कुठं?

'न्हाई,' म्हातारं म्हणलं.

एवढंच. नारळ माझ्या हातात दिला आन कुंपणाच्या कडंकडंनं चालत, तार संपते तिथं पाण्यात शिरलं. धोतर, सदरा, टोपी, सगळ्यासकट बुडी मारली. अंगावरच्या कपड्यानिशी आमी कवा बुडी मारतो? माणूस जाळून आल्यावर. पलीकडं वाळूवरली पोरं टाळ्या पिटाया लागली. 'आजोबा, मस्त! अजून एकदा!' एकानं फोटो काढला.

म्हातारं निथळत वर आलं. 'घरी बोलू नको,' म्हणलं. 'वीराचं सुतक कळलं तर पोरीचं लगीन मोडंल.'

वीराच्या वाटणीची हळद मी पाण्यात सोडली. खाली गाव हाये, जाईल तिथं.

अंगणात पाय ठेवला न ठेवला तोच बायांनी विचारलं, 'लागली का वीराला?'

'लागली,' म्हणलं. 'लावा पोरीला. म्हाताऱ्याचा पाय घसरला, म्हणून वलं झालंय.'

बाया गायला लागल्या. मंगल पिवळी झाली, हसली. म्हातारं मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या कुडाला टेकून उभं राहिलं. कुणाच्या जवळ येईना. ही पोर त्यानं खांद्यावर वाढवलेली. तिनंच वाटी उचलून हाक मारली, 'आजा, तुमी बी लावा की वो मला!'

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

'न्हाई गं बाय,' म्हणला. 'माझे हात वले हायेत.'