संपूर्ण भूकंप

माणूस ऐंशीच्या घरात गेला की लोक त्याला आजोबा म्हणतात, काका म्हणतात, फार तर साहेब म्हणतात. ह्याला मात्र भाजीवाला, पोस्टमन, दातांचा डॉक्टर, झाडून सगळे अजूनही 'भूकंप' म्हणायचे. एके काळी पोस्टरवर एवढंच नाव असायचं. गळ्यात गिटार, डोक्यावर केसांचा कोंबडा, आणि गुडघे वाकवून हा असा काही थरथरायचा की पुढच्या रांगेतल्या पोरी खुर्च्यांवर चढायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आया थिएटरच्या मॅनेजरला फैलावर घ्यायच्या. लोकांना रॉक अँड रोल हा शब्दही धड म्हणता येत नव्हता तेव्हाची ही गोष्ट. आता कोंबडा गेला होता, गुडघे तर न सांगता थरथरायचे, पण नाव काही सुटलं नव्हतं.

"अहो भूकंप, जरा बरणीचं झाकण उघडून द्या," बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची. झाकण काही उघडायचं नाही. मग ती फडक्यात धरून स्वतःच उघडायची आणि म्हणायची, "तुम्ही सैल करून ठेवलंत म्हणून हो."

तर ह्या भूकंपाची सगळी गाणी एका पेटीत घालून विकायची हुक्की एका रेकॉर्ड कंपनीला आली. अगदी पहिल्या रेकॉर्डपासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत सगळं, शिवाय फोटोंचं एक जाडजूड पुस्तक. पेटीचं नाव ठरलं 'संपूर्ण भूकंप'.

"संपूर्ण?" बायको म्हणाली. "एवढा संसार केला, मला अजून निम्माही कळला नाही."

त्याने पेपर तोंडापुढे धरला. चेहरा असा केला, जणू असल्या पेट्या रोजच निघतात. पण पेपरामागे आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि ते तिला पेपराच्या ह्या बाजूनेही दिसत होतं.

घोडं अडलं ते शेवटच्या कार्यक्रमापाशी. वीस वर्षांपूर्वी भरल्या थिएटरात तो आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'बूट काढून नाच', गायला उभा राहिला. त्या गाण्यात शेवटी एक वरचा सूर आहे. रेकॉर्डवर विशीतला तो पोरगा तिथे असा सहज पोचतो, जणू दोन पायऱ्या चढून माडीवर गेला. त्या रात्री त्या सुरावर ह्याचा आवाज टरकन फाटला. हॉलमध्ये हशा पिकला. वाईट मनाने हसले नसतील लोक, पण हसले. त्याने गाणं कसंबसं संपवलं, मान लववली आणि गिटार पेटीत घातली. तेव्हापासून तो गायलाच नव्हता, न्हाणीघरातसुद्धा नाही. बायको त्याला सूर्याखालच्या कुठल्याही गोष्टीवरून चिडवायची, फक्त ह्या एकीवरून कधी नाही.

आणि त्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कंपनीला पेटीच्या शेवटी घालायचं होतं.

"ते काढून टाका," त्याने फोनवर बजावलं.

"काढतो," कंपनी म्हणाली, "पण मग त्या जागी एक नवीन गाणं गाऊन द्या. पेटी कशावर तरी संपायला हवी ना!"

"मी गात नाही."

"मग आमचा नाइलाज आहे."

म्हणजे जन्मभर जे कमावलं त्याचा शेवट एक फाटलेला सूर आणि त्यावर लोकांचा हशा. जेवताना घास त्याच्या तोंडात फिरायला लागला. शेवटी कंपनीने कळवलं की जुनी गाणी साफ करून तयार आहेत, स्टुडिओत येऊन ऐकून जा आणि नवीन गाण्याचं हो की नाही ते त्याच दिवशी सांगा. तो निघाला. बायकोही निघाली.

"तू कशाला?"

"का? त्या पहिल्या गाण्यात टाळ्या कुणाच्या आहेत? पेटीत मीही आहे म्हटलं."

खरंच होतं ते. पहिलं रेकॉर्डिंग, म्हणजे 'बूट काढून नाच'चं, झालं तेव्हा ही एकोणीस वर्षांची, शिंप्याच्या दुकानात काम करणारी. त्याचा नवा कोट द्यायला म्हणून स्टुडिओत गेली, तर टाळ्या वाजवायला एक माणूस कमी पडत होता. धरली आणि उभी केली.

कंपनीची साउंडवाली बाई चाळिशीची होती. केसांत पेन्सिल खोचलेली, पायांत नुसते मोजे. तिच्या खोलीत भिंतींना जाड फोम लावलेला, मधोमध टेपचं जुनं मशीन, आणि समोर काचेपलीकडे गाण्याची खोली. तिने दोघांना खुर्च्या दिल्या. बायकोने बसायच्या आधी खुर्चीच्या गादीची शिवण बोटाने चाचपून बघितली आणि नाक मुरडलं.

"बाजारात आजवर जे फिरतंय ते सगळं रेकॉर्डवरून उचललेलं आहे," साउंडवाली म्हणाली. "आम्हाला 'बूट काढून नाच'ची मूळ टेप मिळाली. त्या दिवशी स्टुडिओत भरली ना, तीच. नंतर ती कुणी लावलेलीच दिसत नाही."

टेप फिरू लागली. आधी खुर्ची सरकली, कुणीतरी खोकलं, गिटारची तार जुळवली. मग अगदी माइकजवळून एका मुलीचा आवाज आला.

"अहो गायक, हात फार वर करू नका. काखेत कच्चा टाका आहे."

"तुम्ही टाळ्यांचं बघा. कोटाचं मी बघतो."

"तुम्ही बघितलं असतंत तर मला यावं लागलं नसतं."

बायकोने तोंडावर हात धरला. "अगं बाई! तेव्हापासूनच का?"

"तेव्हापासूनच," तो म्हणाला.

मग गाणं सुरू झालं, आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. दोन ओळी त्याने दम धरला, मग हात वर केला. "बंद करा. तुमचं मशीन पेंगतंय. हे असं संथ नव्हतं. आणि हा कोण जड आवाजाचा बाप्या? हा मी नाही."

साउंडवाली ओशाळली. तिने मशीन तपासलं, दुसरी टेप लावून पाहिली. मशीन ठणठणीत होतं. "थांबा, वेग वाढवून रेकॉर्डशी जुळतं का बघू," म्हणत तिने बटण फिरवलं आणि टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

ह्या वेळी गाणं हुबेहूब रेकॉर्डसारखं आलं. तोच तरतरीत पोरगा, तोच वेग. पण गाण्याआधी ती मुलगी जे बोलली ते ऐकून तिघांनाही हसू फुटलं. "काखेत कच्चा टाका आहे," हे वाक्य एखाद्या उंदरीने म्हणावं तसं चिरक्या आवाजात आलं होतं.

सगळ्यांत आधी त्याचं हसू थांबलं.

"पुन्हा लावा," तो म्हणाला. "मघासारखं. संथ."

पुन्हा ती मुलगी बोलली. त्याने डोळे मिटून ऐकलं. जगात कुणीही त्याला कशातही फसवू शकलं असतं, ह्या आवाजात नाही. साठ वर्षं हाच आवाज रोज सकाळी त्याला उठवत आला होता. हा खरा होता, अगदी बरोब्बर खरा. आणि त्याच टेपवर, त्याच वेगात, तिच्या पाठोपाठ जो जड आवाजाचा बाप्या गात होता, तोही मग खराच असणार.

"तेव्हा सर्रास करायचे," साउंडवाली हळूच म्हणाली. "रेकॉर्ड छापताना टेप जरा जोरात पळवायची. गाणं चपळ होतं, गायक कोवळा वाटतो. गायकाला सांगायचेच असं नाही."

"पण आमच्या पियानोवाल्याच्या लक्षात आलं होतं!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "तो म्हणाला होता, मी वाजवलं त्यापेक्षा रेकॉर्ड चांगल्या दोन पट्ट्या वर ऐकू येतेय. आम्ही सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं! स्टुडिओतला पियानो भंगार होता, कुणीतरी तारा जास्त ताणल्या असतील, असंच सगळे म्हणालो. मग स्टेजवर आम्हीच पट्टी चढवली, वेग वाढवला. रेकॉर्डसारखं व्हायला हवं ना! पुढे तो बिचारा किती वेळा म्हणाला, पट्टी उतरव, गळ्याला त्रास होतोय. मी म्हणायचो, विशीत गायलो ते आता का नाही जमणार?"

तो खाली बसला. एवढं मोठं माणूस, पण चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला होता.

"म्हणजे जन्मभर मी त्या पोराच्या मागे धावत होतो. आणि तो पोरगा कधी नव्हताच." मग तो बायकोकडे वळला. "वीस वर्षं गप्प बसलो गं. मला वाटलं, माझा आवाज मीच घालवला. सिगारेटनी घालवला, जागरणांनी घालवला."

बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "ती रेकॉर्ड मी घरात कधी लावली नाही, आठवतंय?"

"तुला गाणं कळत नाही म्हणून."

"गाणं नसेल कळत. मी त्या दिवशी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. जो आवाज ऐकला तो मला आवडला, आणि त्याच्याशी मी लग्न केलं. मग रेकॉर्ड आली. म्हटलं, हा किरट्या आवाजाचा कोण? पण सगळं गाव त्याच्यावर नाचतंय म्हटल्यावर मी कोण बोलणार? वाटलं, आपलेच कान वाईट."

"मग एकदा तरी बोलायचंस!"

"मी एवढं बोलते त्यातलं तुम्ही ऐकता कधी?"

तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा सैल झाले. मग त्याने काचेपलीकडे बोट दाखवलं. "तिथली गिटार कुणाची आहे?"

गाण्याच्या खोलीत जाऊन त्याने गिटार घेतली. बोटं आखडली होती, पहिले दोन-तीन सूर बेसूर लागले. साउंडवालीने माइक पुढे सरकवला आणि ती रेकॉर्डिंग सुरू करायला काचेमागे गेली. बायको दाराशी उभी राहिली. आज हा पुन्हा अडखळला तर ह्याला घरी कसं न्यायचं ते तिला कळत नव्हतं.

त्याने टेपवर ऐकलेल्या खालच्या पट्टीत तेच गाणं सुरू केलं, संथ. आवाज म्हाताराच होता. मधेच श्वास ऐकू यायचा, शब्दांच्या कडा झिजल्या होत्या. पण तो बाप्या आत होता. वरचा सूर जवळ आला तशी त्याने सवयीने हनुवटी उचलली, मान ताणली, डोळे घट्ट मिटून घेतले आणि उडी मारली.

उडी मारायची गरजच नव्हती. सूर हाताच्या अंतरावर होता. तो तिथे पोचला आणि चक्क थांबला, उतरायचं नावच घेईना. श्वास संपेपर्यंत त्याने तो सूर धरून ठेवला. गाणं संपलं तेव्हा बायको उघडउघड रडत होती आणि साउंडवाली पेन्सिल चावत काचेकडे बघत होती.

"झालं तर मग," साउंडवाली म्हणाली. "हे शेवटी घालते. तो जुना कार्यक्रम काढून टाकते."

"थांबा," तो म्हणाला. "आधी तो लावा."

"अहो, कशाला?" बायको म्हणाली.

"मी तो ऐकलाच नाही कधी."

तो लागला. वेगात, वरच्या पट्टीत, साठीचा माणूस जिवाच्या आकांताने गात होता. वरच्या सुरापाशी आवाज फाटला आणि हशा पिकला. बायकोने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, टाळ्या विरेपर्यंत.

"बिचारा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "काय जीव तोडून धावला गं! आणि मी त्याला वीस वर्षं शिव्या घातल्या."

त्याने बाहीने डोळे पुसले आणि साउंडवालीला सांगितलं, "काढू नका त्याला. राहू दे पेटीत. आजचं गाणं त्याच्या शेजारीच लावा."