तेराचे पान

आईच्या स्वेटरला सात बटणे होती. त्यांतली पाच लागली होती, तीही एक काज चुकवून. लिस्बेट ती पुन्हा लावू लागली तेव्हा आईचे केस ओलेच होते आणि मायब्रिट दारात उभी राहून बूट चढवत होती.

"घाईत लागली वाटतं," लिस्बेट म्हणाली.

"वाटायचंय काय, घाईतच लागली." मायब्रिट नगरपालिकेची सेविका, रोज सकाळी आईला आंघोळ घालायला येई. तिने हातातला फोन पुढे केला. पडदा लाल झाला होता. "आंघोळीला वीस मिनिटं. आज यांना मधेच रडू आलं, ते कुठल्या खान्यात टाकू? जास्त वेळ लागला असं लिहायची सोयच नाही यात. मग वर बसलेल्यांना वाटतं, वीस पुरतात."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सहा वर्षांपूर्वी लेखी दिलंय, चाळीस जणींनी. कॉम्प्युटरवाल्यांनी कळवलं, फार मोठं काम आहे म्हणून." ती हसली. "एक रिकामी ओळ मागितली होती हो. राजवाडा नव्हता मागितला."

"जाऊ दे गं तिला," आई म्हणाली. "अजून सहा म्हातारे वाट बघतायत."

ते कॉम्प्युटरवाले म्हणजे लिस्बेटचेच ऑफिस, हे मायब्रिटला ठाऊक नव्हते. लिस्बेटने ते सांगितले नाही. ती सायकल काढून बंदरावरच्या ऑफिसकडे निघाली.

दर दुसऱ्या शुक्रवारी पुढच्या दोन आठवड्यांची कामे ठरत. प्रत्येक कामाला तिथे स्टोरी म्हणत. स्टोरी किती मोठी, याचा अंदाज आकडे छापलेल्या पत्त्यांवर चाले: प्रत्येकाने आपल्या आकड्याचे पान पालथे ठेवायचे आणि सगळ्यांनी एकदम उलटायचे. त्याआधी आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, कारण एकाचा शब्द दुसऱ्याचा अंदाज ओढून नेतो. आठाच्या वर गेलेली स्टोरी फोडून तिची छोटी छोटी कामे करायची आणि प्रत्येकापुढे तास लिहायचे. हा सगळा रिवाज लिस्बेटनेच बसवला होता. शब्द कसा ओढतो हे तिला इतरांहून जास्त माहीत होते.

सेविकांची ती ओळ सहा वर्षांपूर्वी या टेबलावर आली होती. कुणी तीन टाकले, कुणी पाच. लिस्बेटने तेरा. कारण विचारल्यावर ती म्हणाली होती, "बाहेरून सोपं दिसतं." प्रोग्रामचा तो भाग फक्त तिलाच कळत होता, कुणी वाद घातला नाही. मग तिने स्वतःच त्याची नऊ कामे पाडली. एकही खोटे नव्हते, पण सहांची गरज नव्हती. जून महिना होता आणि सुट्टीला तीन आठवडे उरले होते. हे हातात घेतले तर अडकू, एवढाच विचार होता. ऑगस्टमध्ये दुरुस्त करू. त्या सुट्टीत ती आणि आई साम्सो बेटावर सायकलने हिंडल्या. चढावर आई पुढे असे. ऑगस्टमध्ये कुणी विचारले नाही. पुढे जेव्हा जेव्हा यादी तिथवर पोहोचली, तेव्हा तेरा पाहून पुढे सरकली.

"आज साफसफाई," मेटे म्हणाली. ती या गटाची प्रमुख. "पाच वर्षांत हात न लागलेलं सगळं यादीतून जाणार. ही बघा, सेविकांची जास्तीच्या वेळेची नोंद. तेरा, नऊ कामं. कुणाचा जीव अडकलाय का हिच्यात?"

"तेरा?" येप्पेच्या तोंडात पाव होता. आज सगळ्या गटासाठी पाव आणायची पाळी त्याची. "हिला सांभाळायला वेगळा माणूस ठेवावा लागेल. उडव."

"उडवण्याआधी एकदा पानं टाकायची. लिस्बेटचा नियम."

"मग टाकू. लिस्बेटबाईंचा नियम मोडायची कुणाची छाती आहे?"

लिस्बेटने आपला पत्त्यांचा जोड हातात घेतला. तिनाचे पान कोपऱ्यावर मऊ पडले होते; तेराचे अजून ताठ होते. बाकीच्यांनी तेराच काढले असणार. जुना आकडा तिचा होता. तिने मुकाट्याने तीन ठेवले तरी चालणार होते. कारण विचारतील. आता साधनं सुधारलीत, असे सांगता आले असते. ते थोडे खरेही होते.

तिला स्वेटरचा तो चुकलेला काज आठवला. खालचा एक चुकला की वरचे सगळे चुकत जातात.

तिने जोड तसाच खाली ठेवला.

"तीन," ती म्हणाली.

मेटेने वर पाहिले. "बोलायचं नाही ना आधी? तूच शिकवलंयस."

"माहितीय. यादीतून काढू नका, मी करते ते. सोमवारपासून."

"पण तेराचं एकदम तीन कसं झालं?"

"झालं नाही," लिस्बेट म्हणाली. "तेव्हाही तीनच होतं. मला सुट्टीवर जायचं होतं."