धुळाप्पाने पाठ केलेली अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा तक्ता आहे. माझ्यावर वरून खाली लहान लहान होत जाणारी काळी अक्षरे आहेत. ती वाचायला लावून माणसांची नजर तपासतात. आज मी सोलापुरातल्या मालमोटार मालक संघाच्या कचेरीत कपाटामागे उभा आहे, आणि मला जराही चैन पडत नाही.

माझा जन्म १९७४ सालचा. त्या वर्षी टेंभुर्णीजवळ एका ट्रकने बैलगाडीला मागून धडक दिली. गाडीवान जागीच गेला. "गाडी मला दिसलीच न्हाय," असे ड्रायव्हर रडत सांगत होता. संघाचे अध्यक्ष रेवणप्पा एके काळी स्वतः ट्रक चालवत. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. त्यांनी सभेत ठराव करून घेतला की, दर सहा महिन्यांनी प्रत्येक ड्रायव्हरची नजर तपासायची. ज्याला चौथी ओळ वाचता येणार नाही त्याच्या हाती गाडी द्यायची नाही. मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या वेणीमाधव पेंटरने मला रंगवले. हौसेने त्याने अक्षरांभोवती वेलबुट्टीही काढली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती खरवडायला लावली!

संघाचे चिटणीस गंगाधरपंत हातात छडी घेऊन माझ्याजवळ उभे राहत. ड्रायव्हर वीस फुटांवरच्या रेघेमागून वाचत.

पहिल्याच दिवशी धुळाप्पा आला. तो रेवणप्पांच्याच गाडीवर होता. बावीस वर्षे त्याने रस्त्यावर काढली होती. त्याने चारही ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मला मात्र धस्स झाले. गंगाधरपंतांची छडी तिसऱ्या ओळीवर होती, तेव्हा धुळाप्पा चौथी म्हणत होता, आणि गर्दीच्या घाईत ते कोणाच्या ध्यानात आले नाही! दाराबाहेर बसून, आधीच्यांचे ऐकून ऐकून त्याने मला पाठ केले होते.

मी कोणाला काय सांगणार? धुळाप्पा चादरींचे गठ्ठे घेऊन हैदराबादला निघून गेला. कचेरीपुढून एखादा ट्रक गेला की भिंत हादरे आणि माझा पत्रा थरथरे. हाच असेल का? आला असेल का नीट? पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी तो सुखरूप परतला.

सातव्या दिवशी दुपारी त्याची बायको मल्लव्वा कचेरीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "साहेब, ह्यांची नजर परत तपासा."

"अहो, उत्तम आहे त्यांची नजर," गंगाधरपंत म्हणाले.

"काल मी दारात हुबी व्हते. हे गल्लीतनं आले आन् मलाच इचारलं, कोण पायजे बाई?" पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "मला न्हाय वळखलं तरी चालंल. रस्त्यावरच्या माणसाला तरी बघाया पायजे की! पर साहेब, त्यांचं काम घालवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गंगाधरपंतांनी धुळाप्पाला रेघेमागे उभे केले. मालक रेवणप्पाही हजर होते.

"धुळाप्पा, ओळ म्हणू नका. मी छडी ठेवलीय तेवढं एकच अक्षर सांगा."

धुळाप्पाने डोळे बारीक केले, मान पुढे काढली. शेवटी हळूच म्हणाला, "न्हाय दिसत. छडीबी न्हाय दिसत."

मग रेवणप्पाच म्हणाले, "पंत, आजची एक खेप जाऊ द्या. माळशिरसला साखर भरायची हाय. दुसरा ड्रायव्हर न्हाय माझ्याकडं."

"आप्पा, ठराव तुमचाच आहे. आज तुमची गाडी सोडली, तर उद्या दुसऱ्याची कोणत्या तोंडाने अडवू?"

रेवणप्पा दारापासून खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग त्यांनी धुळाप्पाच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"मग मी आता घरी बसू व्हय, मालक?" धुळाप्पाने विचारले.

"घरी कशाला? डॉक्टरकडं जा. चष्मा येईपतूर गाडी हितंच हुबी ऱ्हाईल. ती तुझीच हाय."

रेवणप्पांची गाडी आठ दिवस जागची हलली नाही. संघाने ठरावात एक ओळ वाढवली : नजर अधू निघाली, तर चष्मा संघ देईल आणि कामही जाणार नाही. मित्रांनो, त्या एका ओळीने जे झाले ते माझ्या सगळ्या अक्षरांनी झाले नसते. महिन्याभरात अकरा ड्रायव्हर आपण होऊन आले आणि म्हणाले, "आमचीबी नजर बघा."

धुळाप्पा चष्मा लावून आला तेव्हा कोणी तरी हसून "मास्तर आले!" म्हणाले. त्याने शांतपणे माझी शेवटची ओळ वाचली. मग वळून दाराशी थांबलेल्या मल्लव्वाकडे पाहिले. बराच वेळ पाहत राहिला.

"लई वाळलीस की गं तू," तो म्हणाला.

त्यानंतर कितीतरी जण त्या रेघेमागे उभे राहिले. पुढे छापील तक्ता आला आणि मला कपाटामागे ठेवले, पण तो लवकरच फाटला. तपासणी आज करू, उद्या करू म्हणत मागे पडली. आता माझी अक्षरे गंजत आहेत आणि बाहेर गाड्या भरधाव जात आहेत. प्रत्येक गाडीचा आवाज कानी पडला की माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, मला पुसून भिंतीवर लावा. आणि ज्याला दिसत नाही त्याला हसू नका, त्याच्या पोटावर पाय देऊ नका; नाहीतर तो मला पुन्हा पाठ करील.