दोन पानांची प्रार्थना

धर्म आणि शंका या विषयावरच्या आवडत्या पॉडकास्टची यादी कुणीही करो, सरांचा ‘पुरावा दाखवा’ तीत पहिल्या तिनांत असायचाच. सर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आवाज खणखणीत, आणि समोरच्याचं शांतपणे ऐकून घेऊन मग त्याच्या म्हणण्याची सालं काढायची सवय. त्यांचं बोलणं कापून-छाटून ऐकण्याजोगं करायचं काम कात्रीचं. हे नाव तिला सरांनीच ठेवलेलं. आधी ती नुसती श्रोती होती, आणि तीही अशी की सर म्हणतील ती पूर्व दिशा. बाकी साऱ्या जगावर शंका घ्यायची आणि एका माणसावर घ्यायची नाही, हा प्रकार सरांच्या श्रोत्यांत काही दुर्मीळ नव्हता.

सरांच्या पत्नी, ज्यांना कात्री काकू म्हणायची, महिन्यापूर्वी गेल्या. काकू श्रद्धाळू, तरी चाळीस वर्षं दोघांनी एका घरात दोन मतं घेऊन सुखाने संसार केला. आता सरांनी त्यांच्यावर एक भाग केला होता. त्यातले काही तुकडे काकू आजारी असतानाच त्यांच्या खाटेशेजारी रेकॉर्ड केलेले, कारण तिथून हलायला ते तयार नव्हते. भागाच्या शेवटी ते म्हणत होते, “तिने मला प्रार्थना म्हणायला सांगितलं. मी तिचा हात धरून बसलो, पण प्रार्थना म्हटली नाही. माया आहे म्हणून खोटं बोलायचं नसतं.”

कात्रीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिला भडभडून आलं होतं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिची आई हॉस्पिटलात होती. नजर गेलेली, उशाशी प्रार्थनेचं जुनं पुस्तक. “दोनच पानं वाचून दाखव गं,” आई म्हणाली होती. त्याच आठवड्यात कात्रीने सरांचा भाग ऐकला होता: मरणाऱ्या माणसापुढेही खोटी प्रार्थना म्हणू नका, तो त्याचाच अपमान आहे. “आई, मला नाही जमणार,” ती म्हणाली. आई “बरं” म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून कात्रीने एकाच गोष्टीवर दिवस काढले होते: आपल्या जागी सर असते, तर त्यांनीही हेच केलं असतं. आज त्यांनी स्वतःच्या तोंडाने तसं सांगितलं होतं.

सरांनी दिलेल्या रेकॉर्डरच्या कार्डावर आणखी एक फाइल होती, पाऊण तासाची. सर रेकॉर्डर बंद करायला विसरले असणार. पुसून टाकण्याआधी कामाचं काही राहू नये म्हणून तिने ती लावली. आधी चमचा वाजला, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काकूंची तुटक प्रार्थना, मध्येच धाप लागून थांबलेली. आणि पुढची ओळ सरांच्या आवाजात. मग त्याच्या पुढची. कुठेही न अडखळता, संथ लयीत, सरांनी अख्खी प्रार्थना म्हटली; संपल्यावर काकू म्हणाल्या, “पुन्हा,” आणि त्यांनी पुन्हा म्हटली.

कात्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. लॅपटॉप उचलून ती तडक सरांच्या घरी गेली. सर स्वयंपाकघरात एकट्यापुरता चहा टाकत होते. तिने फाइल लावली. चहा उतू गेला तरी सरांनी गॅस बंद केला नाही. शेवटी तिनेच केला.

“हे पुसून टाक,” सर म्हणाले.

“का?”

“लोक म्हणतील, म्हातारा शेवटी शरण गेला. मी नव्हतो गेलो. प्रार्थना तिची होती, तिला दम पुरत नव्हता म्हणून तोंड फक्त माझं. एवढं बारीक कोण समजून घेणार?”

“मी घेतलं असतं,” कात्री म्हणाली. “सर, माझ्या आईलाही दम नव्हता. तिने मला दोन पानं वाचायला सांगितली होती. तुमचं ऐकून मी नाही म्हटलं.”

सर खुर्चीत बसले. काकूंचं औषध अजून समोरच्या टेबलावरच होतं.

“हे तू मला कधी बोलली नाहीस.”

“बरोबर केलं असंच वाटत होतं ना. मग सांगायचं काय?”

लॅपटॉप स्वतःकडे ओढत सर म्हणाले, “तो शेवट काढून टाक. ही फाइल लाव. त्याआधी मी बोलतो, की तो सल्ला चुकीचा होता, आणि तो देणारा स्वतः वेळ आली तेव्हा तसा वागला नाही. वर खोटंही बोलला.” मग तिच्याकडे न बघता, “मला माफ कर, पोरी.”

“तुम्हाला करीन हो,” कात्री म्हणाली. राग ओसरला होता आणि त्याच्याखाली जे होतं ते फार वाईट होतं. “पण मला कोण करणार? माझा विश्वास असता, तर आत्ता घरी जाऊन ती दोन पानं मोठ्यांदा वाचली असती. आई कुठून तरी ऐकतेय, असं म्हटलं असतं.”

सरांनी मान वर केली. तिला दिलासा देईल असं एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं, आणि ते खरं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

“नाही ऐकत ना ती?” कात्रीने विचारलं.

“नाही, बाळ,” सर म्हणाले, आणि तिच्याआधी तेच रडू लागले.