गाडीच्या नाकाला फूल

मी एक जुना कार्बोरेटर आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. आजकालच्या गाड्यांत माझी जात उरलेली नाही, त्यामुळे तुमची माझी ओळख नसणारच. माझं काम साधं होतं. आई जसा वरणभात कालवते, तसं मी पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवत असे. पेट्रोल जास्त झालं की इंजिन काळा धूर ओकतं. हवा जास्त झाली की उचक्या देतं. दोन्हींचा मेळ बसला, की एका सुरात चालतं.

साच्यात वितळलेला धातू ओतून मला घडवलं आणि एका पांढऱ्या फियाटच्या इंजिनावर बसवलं. ती गाडी हातोहाती फिरत कनेरगाव नाक्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर आली, वसरामभाऊंच्या दारात. तिथंच माझं आयुष्य गेलं आणि ते चांगलं गेलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला रडतराऊत म्हणाल.

वसरामभाऊंचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे. वसरामभाऊ माणसं वाहायचे. कळमनुरीच्या बाजाराला जाणारी, हिंगोलीच्या दवाखान्यात निघालेली, डोंगरकड्याला वरात घेऊन जाणारी. आम्ही कुणाला वाटेत उतरवलं नाही, याचा मला अजून गर्व आहे.

माझ्या अंगावरच्या दोन स्क्रूंना ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. इंजिन तापलं की त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला ठेवायचे आणि स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायचे. पेल्यातलं पाणी थरथरायचं थांबलं, की बायकोला हाक मारायचे.

"रुख्मिणी, बघ गं, थेंब बी सांडला न्हाई!"

रुख्मिणीबाई हातातलं काम टाकून यायच्या, पेल्यात डोकावायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडं कवा असं ध्यान दिलं का?" मग दोघंही हसायचे.

माझ्या डोक्यावर धूळ अडवणारा हवेचा डबा होता. त्याच्या पुढच्या वाकड्या नळीतून गाडी श्वास घ्यायची. रुख्मिणीबाई त्या नळीला गाडीचं नाक म्हणत. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की त्या नळीच्या तोंडाशी झेंडूचं फूल खोचायच्या. "बाईमाणूस हाय ती. तिला नाकात फूल नको व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्याआधी वसरामभाऊ आठवणीने फूल काढत आणि बांधावरच्या पळसाखाली ठेवत. हे काम त्यांचं होतं. ते का करतात, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मग एका पावसाळ्यात वसरामभाऊ गेले.

त्या वर्षीच्या दसऱ्याला रुख्मिणीबाईंनी त्यांच्या लाल मुंडाशाचा एक तुकडा फाडला, त्यात झेंडू गुंडाळला आणि गाडीच्या नाकाला खोचला. त्यांचा मुलगा देविदास नांदेडला नोकरीला असतो. तो सणाला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत त्याने गाडी सुरू केली. फूल काढायचं असतं, हे त्याला कुठून माहीत असणार? इंजिनाने श्वास ओढला आणि कापडासकट ते फूल नळीच्या वळणात जाऊन अडकलं. बाहेर काहीच दिसेना, तेव्हा ते कुठंतरी गळून पडलं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

मित्रांनो, तेव्हापासून माझा जीव गुदमरू लागला. उभ्या गाडीला थोडी हवा पुरते, पण चढावर मोठा श्वास लागतो. प्रत्येक चढावर गाडी खोकू लागली, काळा धूर सोडू लागली. दोष आला माझ्यावर.

"याडी, बाचं कार्बोरेटर गेलं," देविदास म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "नवं बसवून बघतो. तरी चालली न्हाई तर विकून टाकू. नुसती उभी राहून सडून राहिली."

"विकू नको रे बाबा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "त्याचा आवाज हाय तिच्यात."

नाक्यावरच्या शंकरसिंग मिस्त्रींनी मला काढून परातीत ठेवलं आणि माझ्या जागी एक चकचकीत नवा बसवला. परातीतून मी सगळं बघत होतो. मिस्त्रींनी स्क्रू फिरवले. रुख्मिणीबाईंनी घरून आणलेला पितळी पेला इंजिनावर ठेवला. पाणी थरथरलं, मग हळूहळू स्थिर झालं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"बराबर झालं," मिस्त्री म्हणाले.

गाडी रस्त्यावर नेली, आणि पहिल्याच चढावर तोच काळा धूर. मिस्त्रींनी परत आणून स्क्रू पिळले, डबा उघडून धूळ झटकली. जागेवर पाणी स्थिर, चढावर धूर. नळीच्या वळणात कुणी बोट घातलं नाही. आणि मी परातीत पडून मनातल्या मनात ओरडत होतो की अरे, तिचं नाक बघा! धातूला वाचा नसते, याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

शेवटी मिस्त्री हात पुसत म्हणाले, "इंजिनच थकलं, देविदास. लई तकलीफ दिऊ नको तिला."

वाशिमचे प्रेमानंद जुन्या गाड्यांचे शौकीन. गाडी त्यांच्या नावावर झाली. न्यायला आले त्या दिवशी रुख्मिणीबाई मला पदरात धरून ओट्यावर बसल्या होत्या. मला त्यांनी दिलं नाही. "ह्याला त्याचा हात लागलाय," एवढंच म्हणाल्या.

प्रेमानंद सावध माणूस. त्यांनी डबा उतरवला, नळीत पकड घातली आणि ओढली. सुकलेला झेंडू बाहेर आला, लाल कापडात गुंडाळलेला.

"ह्यानंच श्वास कोंडला होता की हो!" ते हसून म्हणाले.

देविदासने बापाचं मुंडासं ओळखलं. तो पांढराफटक पडला. दबक्या आवाजात त्याने विचारलं, "गाडी परत देता का?"

"भाऊ, पोरीच्या लग्नात हीच गाडी सजवायची असं घरी सांगून निघालो. आता काय सांगू तिला?"

"काय निघालं रे?" ओट्यावरून रुख्मिणीबाईंनी विचारलं.

देविदासने ते कापड फुलासकट मुठीत आवळलं. "काही न्हाई याडी. कचरा हाय."

गाडी नाक्याचा चढ चढून गेली. धुराची एक रेघसुद्धा उठली नाही.

"बघ, जाताना कशी गुमान गेली," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "इतके दिस रुसली व्हती."

मित्रांनो, एखादी वस्तू अडली की तिला लगेच मोडीत काढू नका. आधी तिचा श्वास कुठं कोंडलाय ते बघा. माणसांचंही तसंच असतं. आणि घरातलं कुणी नेमाने गुपचूप एखादं काम करत असेल, तर ते का करतं, एवढं त्याला वेळेत विचारून ठेवा.

मी आता वसरामभाऊंच्या फोटोशेजारी फळीवर असतो. या दसऱ्यालाही रुख्मिणीबाईंनी माझ्या तोंडात झेंडू खोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी देविदासने तो अलगद काढला, मला उजेडाकडे धरून आत नीट पाहिलं आणि फूल पळसाखाली ठेवलं.

लाल तुकडा अजून त्याच्या पाकिटात आहे. आईला त्याने तो दाखवलेला नाही. कधी तांड्यावर गेलात, तर तुम्हीही सांगू नका.