बाबा गाडी हळू का चालवतात

धाकटीच्या कंपनीत गाड्या बोलायच्या. म्हणजे गाडीत बसवलेली छोटी डबी वेग, ब्रेक, वळणं असं सगळं क्षणाक्षणाला ऑफिसात कळवायची. आता नवी सेवा येऊ घातली होती. वयस्कर चालकाचे हातपाय मंदावलेत का, हे डबीने ओळखायचं आणि त्याच्या मुलांना कळवायचं. चाचणीसाठी तीस गाड्या हव्या होत्या. धाकटीने हौसेने बाबांची दिली.

बाबांनी छत्तीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. "तुझी डबीच माझ्याकडून चार गोष्टी शिकेल," ते म्हणाले.

चौथ्या महिन्यात यादी आली. सगळ्यात वर, लाल अक्षरांत, बाबा. 'वेग निम्म्यावर. ब्रेक फार आधी. लांबच्या रस्त्याने जातात, बहुधा रस्ता विसरतात. गाडी चालवणं थांबवावं.'

धाकटीने यादी दोनदा वाचली. हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

रविवारी ती घरी गेली. आईला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. आई दोन उशा घेऊन मागे बसली, धाकटी बाबांच्या शेजारी. गाडी मुंगीच्या पावलांनी निघाली. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. चौकात उजवीकडे वळायचं, तर बाबा सरळ गेले.

"बाबा, दवाखाना तिकडे ना?" तिने भीत भीत विचारलं.

"तिकडे अकरा गतिरोधक आहेत, इकडे दोनच. तुझ्या आईच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून मोजून ठेवलेत."

"आणि ब्रेक इतका आधी?"

"झटका बसला तरी ती बोलत नाही गं. नुसते ओठ आवळते. आरशात दिसतं मला."

"अहो, आरशात काय बघताय? समोर बघा!" मागून आई म्हणाली.

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दवाखान्यापाशी गाडी थांबल्यावर तिने अहवाल वाचून दाखवला. 'रस्ता विसरतात' हे बाबांना लागलं.

"मागे कोण बसलंय, हे त्या डबीला कुठून कळणार?" ते म्हणाले. "पण मला एकदा विचारायचं तरी!"

सोमवारपासून धाकटी साहेबांच्या मागे लागली. साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी नियम बदलला. निरोप आधी चालकालाच जाणार, 'काही कारण आहे का?' असं विचारत. मुलांना नंतर.

पहिल्याच आठवड्यात एका आजोबांचं उत्तर आलं, "कारण आहे. मला नीट दिसत नाही. मुलीला सांगायचा धीर होत नाही, तुम्हीच सांगा." धाकटीने त्यांच्या मुलीला स्वतः फोन केला, आणि बराच वेळ बोलली.

ते ऐकून बाबांनीही मुकाट्याने डोळे तपासून घेतले. नंबर वाढला होता.

"डबीने सांगितलं म्हणून गेलो नाही हं," नवा चष्मा पुसत ते म्हणाले. "तू सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांबून धावत आलीस, म्हणून गेलो."