अकरा टाक्यांचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, आणि तोही उजव्या पायाचा. डावा माझा जुळा भाऊ. तो शेजारीच बसला आहे, पण त्याला बोलायचा कंटाळा, म्हणून दोघांची हकीकत मीच सांगतो.

माझा जन्म १९९३ साली जपानमधल्या एका लहान गावात झाला. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला हातानं शिवलं. गावातला मोरिता नावाचा तरुण तेव्हा नुकताच एका कंपनीच्या संघात पगारी खेळाडू म्हणून लागला होता, त्याच्यासाठी. त्याचा पाय इवलासा, साडेचोवीस सेंटिमीटरचा. संघातले धिप्पाड गडी त्याला त्यावरून चिडवत आणि तो आपला हसत बसे.

मोरिता गोल करणारा खेळाडू म्हणून आला होता. मलाही वाटलं, आता रोज जाळी हलवायची. पण पहिल्याच वर्षी बचावातला एक जण जायबंदी झाला आणि प्रशिक्षकांनी विचारलं, तिथं कोण उभा राहील? मोरितानं हात वर केला. पुढच्या वर्षी मधल्या फळीत माणूस कमी पडला. पुन्हा याचाच हात वर. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, आणि एकदा तर शेवटची वीस मिनिटं चक्क गोलात! मी मनातून फार चिडायचो. सकाळी पायात चढताना आज कुठं धावायचं आहे, हे मला कधीच ठाऊक नसे.

दहा वर्षं तो असा खेळला. नवे बूट येत आणि फाटत, पण मला त्यानं टाकलं नाही. दोनदा तळ बदलून घेतला. दुसऱ्या वेळी मात्र आमचा म्हातारा कारागीर हयात नव्हता, म्हणून दुकानदारानं तळ न शिवता नुसता चिकटवून दिला. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. मोरिताच्या नावाचा जयघोष मैदानात क्वचितच झाला. तरी प्रत्येक सामन्यानंतर तो मला पुसायचा, आत कागद कोंबून सावलीत ठेवायचा आणि मान लववून आभार मानायचा. बुटाचे आभार मानणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे.

खेळ थांबल्यावर मोरिता त्याच कंपनीत नोकरीला लागला. २००३ साली कंपनीचं एक यंत्र कोल्हापूरजवळ उचगावच्या फाउंड्रीत बसवायचं होतं. यंत्राबरोबर मोरिता आला आणि त्याच्या पिशवीतून आम्ही दोघे.

फाउंड्रीतले कामगार रविवारी फुटबॉल खेळत. त्या रविवारी त्यांचा गोलकीपर आला नव्हता. भट्टीवर काम करणाऱ्या नागसेननं खुणेनं विचारलं, पावणं कुठं खेळतात? मोरितानं बोट उचललं आणि साऱ्या मैदानाभोवती गोल फिरवलं. सगळे हसले. मग तो मुकाट्यानं गोलात जाऊन उभा राहिला. गोलामागे नागसेनची मुलगी अक्षता होती. ती शाळेच्या संघात खेळायची आणि तिलाही बाई जिथं भोक पडेल तिथं उभं करायच्या.

ती वडिलांना म्हणाली, "बाबा, ह्यो माझ्यासारखाच हाय की."

मोरिता नागसेनच्या घरी चहाला गेला. भिंतीवर बुद्धांची तसबीर दिसताच त्यानं हात जोडले, आणि अक्षताच्या आईला, मीनाबाईंना, तो त्या दिवसापासून घरचाच वाटू लागला. चार महिने दर रविवारी त्यानं अक्षताला शिकवलं. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती, पण मी आणि भाऊ होतो ना! जाताना त्यानं आम्हाला पुसलं, मान लववली आणि आम्हाला अक्षताच्या हातात दिलं. मला रडू आलं असतं, पण बुटाला ती सोय नसते.

आता अक्षताची अडचण ऐका. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड दर वर्षी व्हायची. आदल्या वर्षी निवड करणाऱ्या अनुजा मॅडमनी तिला विचारलं होतं, कुठं खेळतेस? अक्षता म्हणाली, "कुठंबी." मॅडमच्या वहीत तिच्या नावापुढचा जागेचा रकाना कोरा राहिला आणि संघाच्या यादीत तिचं नाव आलंच नाही. यंदा शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

नागसेननं तिला बजावलं, "यंदा एकच जागा सांग पोरी. कुठंबी म्हणणाऱ्याला कुठंच घेत न्हाईत."

निवडीसाठी जपून ठेवलेला मी महिनाभर पेटीत पडून कडक झालो होतो. पुन्हा घालताच अक्षताच्या टाचेला फोड आले. मीनाबाईंनी ते पाहिलं. नवी चप्पल चावायला लागली की कोल्हापुरात काय करतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी आम्हाला ताटलीत बसवून पोटभर एरंडेल पाजलं, दोन दिवस. मी लोण्यासारखा मऊ झालो. माउलीनं किती मायेनं केलं ते! पण माझा तळ चिकटवलेला होता आणि ते तेल हळूहळू तिथवर झिरपत होतं.

निवडीच्या दिवशी अक्षतानं ठणकावून सांगितलं, "डावीकडनं, पुढं." मॅडमनी लिहून घेतलं. सामना सुरू झाला. पंधराव्या मिनिटाला तिनं चेंडू मारला आणि माझा तळ पुढून सुटून टाळ्या वाजवू लागला. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वर्षं ज्यानं दगा दिला नाही तो मी, आणि या पोरीला ऐन वेळी उघडं पाडलं!

तिच्याजवळ शाळेचे कॅनव्हासचे बूट होते, पण दवानं ओल्या गवतावर ते घसरत होते. मॅडम म्हणाल्या, बाहेर बस. अक्षता रेषेबाहेर आली. तिच्या बाजूच्या गोलात उभं राहायला मुली कुरकुरत होत्या, आळीपाळीनं कशाबशा उभ्या राहत होत्या. तिनं तिकडं पाहिलं, मग वडिलांकडं पाहिलं. एकच जागा सांग, असं त्यांनी बजावलं होतं.

"मॅडम, गोलात धावाय लागत न्हाई, तिथं मी उभी ऱ्हाती," ती म्हणाली.

नागसेननं कपाळाला हात लावला आणि मला उचलून मैदानाच्या पायऱ्यांकडं धावला. तिथं आकाराम बसले होते. चपला शिवणारे म्हातारे कारागीर, सामना कुणाचाही असो, हे हजर. हत्यारांची पिशवी कायम जवळ. त्यांनी माझा वास घेतला.

"तेल कुणी पाजलं ह्याला? हे काय पायताण हाय व्हय?" म्हाताऱ्यानं आरी काढली. "चिकटवलेलं तेलात टिकत न्हाय. टाकाच पायजे."

चामड्याच्या वादीनं त्यांनी मला अकरा टाके घातले. दुखलं, पण मला माझा पहिला कारागीर आठवला. तोच हात, तीच ओढ. तेवढ्या वेळात अक्षतानं गोलात दोन चेंडू अडवले. मध्यंतरानंतर मी तिच्या पायात गेलो, तर बचावातली एक मुलगी लंगडत बाहेर आलेली. अक्षता तिच्या जागी गेली. शेवटी शेवटी एक चेंडू गोलात शिरता शिरता तिनं माझ्या टोकानं बाहेर ढकलला. टाका एकही हलला नाही.

दुपारी यादी लागली. अठरा नावं, प्रत्येकापुढं जागेचा रकाना. अठरावं नाव अक्षताचं होतं आणि पुढचा रकाना कोरा. ती पाहतच राहिली. नागसेन घाबऱ्याघाबऱ्या मॅडमकडं गेला आणि म्हणाला, पोरीची जागा लिहायची राहिली.

"ऱ्हायली न्हाई," मॅडम म्हणाल्या. "सतरा जणींची एकेक जागा हाय. जिथं कमी पडंल तिथं ही. मी काय लिहू त्यात?"

अक्षता पायरीवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि रडली. मग पदराच्या अभावी शर्टाच्या टोकानं तिनं मला पुसलं.

नागसेननं कंपनीच्या माणसाकडून माझा फोटो मोरिताला पाठवला. उत्तर आलं. तळ शिवणाऱ्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, एवढंच त्यात होतं. आकारामांनी ते दोनदा वाचून घेतलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. बूट ओला असेल तर सावलीत वाळवा. तेल बेतानं घाला. आणि तुमच्या संघात सगळ्यांची भोकं बुजवणारा एखादा असेल, तर सामना संपल्यावर त्याचंही नाव घ्या. मला घडवणारे, शिवणारे, पुसणारे आणि प्रेमानं तेल पाजणारेसुद्धा, सगळ्यांचा मी ऋणी आहे.

आता मी शाळेतल्या एका फळीवर असतो. अक्षता तिथं मुलींना शिकवते. दर जूनमध्ये नव्या मुलींना ती विचारते, कुठं खेळतेस? कुणी म्हणते पुढं, कुणी म्हणते मागं. एखादीच मान खाली घालून पुटपुटते, "कुठंबी."

मग अक्षता मला फळीवरून खाली काढते आणि तिच्या हातात देते.